अक्षरांआधी आवाज: घरातल्या खेळांची तयारी

मुलाला घरीच खेळातून मराठी अक्षरं शिकवायची असतील तर सामान गोळा करायच्या आधी अक्षरं निवडा. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला सुरुवातीला सहा अक्षरं भरपूर झाली: र, ग, म, ट, ब आणि सगळ्यांत शेवटी स. काना-मात्रा न लावता एवढ्यातच टब, बटर, रबर, मगर, गरम, रस, बस हे शब्द तयार होतात, आणि मगर सोडली तर मुंबईतल्या मुलाला ते रोज भेटतात. स शेवटी, कारण त्याच्या पोटात र दिसतो. र पक्का होण्याआधी स आला की मूल दोन्हींना र म्हणायला लागतं. अ पासून ज्ञ पर्यंतचा तक्ता पाठ झाला म्हणजे वाचन आलं असं नाही. असा तक्ता घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलंच एक अक्षर दाखवलं तर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतं. ग-म-भ-न हा जुना क्रम हात वळवायला उत्तम, पण तो लिहिण्याच्या वेळी वापरा. ओळख करून देताना म-भ, ब-व, घ-ध, थ-य, प-ष, ड-इ या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांतलं एक अक्षर नीट बसल्याशिवाय दुसरं काढू नका.

अक्षरांची कार्डं बाहेर काढण्याआधी निदान एक आठवडा फक्त कानाचा. शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी द्यायची: ब-टा-टा तीन टाळ्या, चम-चा दोन, के-ळी दोन. इथे मोठ्यांचीच गफलत होते. आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेला शब्द असतो, म्हणून आपण दादरला तीन टाळ्या वाजवतो. मुलाला मात्र दा-दर असंच ऐकू येतं आणि ते दोनच वाजवतं. ते बरोबर आहे, त्याला टोकू नका. शेवटी स्वर स्पष्ट ऐकू येणारे शब्द आधी घ्या: कांदा, माशी, बटाटा, पपई. बटर, रबर यांसारखे शब्द कार्डं आल्यावर, आणि तेव्हाही शेवटचा र आखूड म्हणून दाखवा. ब, ट, र ही अक्षरं सुटी, लांबवून वाचली तर मुलाला तीन आवाज ऐकू येतात, शब्द ऐकू येत नाही. वाचनात बरीच मुलं अडतात ती इथेच, तेव्हा या पायरीवर घाई नको.

आता पिशवी. कापडी पिशवीत चार-पाच वस्तू टाका. मुलाने हात घालून एक काढायची, नाव सांगायचं, पहिला आवाज सांगायचा. वस्तू निवडताना काळजी घ्या. ब साठी बटण, बशी, बटाटा चालतात. बाटली आणि बिस्कीट चालत नाहीत, कारण त्यांची सुरुवात बा आणि बि ने होते आणि मुलाच्या हातातल्या कार्डावर नुसता ब असतो. र साठी रबर, रव्याची पुडी चालते; रुमाल नको. ग साठी गहू, गवार, गजरा. ट साठी घरात वस्तू कमी सापडतात, तेव्हा शेंगेचं टरफल ठेवा. पुढे च आला की चमचा आणि चमेलीचं फूल एकाच पिशवीत घालू नका. अक्षर एक असलं तरी आवाज दोन आहेत, आणि मुलाचा कान तो फरक बरोबर टिपतो. आधी चमचा, चमेली नंतर. मग दोन्ही आवाज एकाच अक्षराचे आहेत हे सरळ सांगून टाका. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बटणं, मणी, चिंचोके खेळानंतर मोजून उचला; नाकात, घशात जायला एक क्षण पुरतो.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चांगला. चार इंची चौकोन कापा, अक्षर तीन इंच उंच. चित्र त्याच बाजूला काढलंत तर मूल ब दाखवल्यावर बदक म्हणेल, म्हणून चित्र मागच्या बाजूला. अक्षर बोटाने गिरवता यावं म्हणून ते १२० नंबरच्या काचपेपरातून कापून फेविकॉलने चिकटवा; हार्डवेअरच्या दुकानातल्या एका शीटमध्ये सहा अक्षरं निघतात. कागदाच्या मागून आखणार असाल तर अक्षर आरशात दिसतं तसं उलटं आखा, नाहीतर खरखरीत बाजू खाली जाते. कात्री जुनी घ्या, धार जातेच. फोनवरून अक्षर छापून घेताना ल आणि श नीट पाहा: राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे, पण बरेच फाँट हिंदी वळणाचे आकार देतात. विकतचे संच आणलेच पाहिजेत असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं ते परिसरातल्या खडे, पानं, बिया, शिंपल्यांवर.

गिरवायला बारा इंची, काठाचं ताट, तळाला काळा कागद, वर एक मध्यम वाटी म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम रवा. थर तीनेक मिलिमीटरच हवा, तरच बोट फिरवल्यावर खालचा काळा रंग दिसतो. जास्त ओतला की कडा ढासळतात आणि अक्षर बुजतं. आधी अक्षर, शिरोरेघ शेवटी. जून ते सप्टेंबर रवा दमट होऊन गोळे धरतो, म्हणून कोरडा भाजून, गार करून घट्ट डब्यात ठेवा. हा रवा पुन्हा स्वयंपाकात नको. चौपाटीची वाळू आणू नका, मिठामुळे ती सतत ओलसर राहते. उन्हाळ्यात गॅलरीच्या भिंतीवर पाणी आणि ब्रशने लिहिणं छान जमतं, पावसाळ्यात ते वाळतच नाही.

बाहेर पडताना खिशात दोन कार्डं ठेवा आणि दुकानांच्या पाट्यांवर तेवढीच अक्षरं शोधायला सांगा. रेल्वेच्या पाट्यांपैकी परळ अगदी सोयीची, कारण तिला काना-मात्रा नाही. प आणि ळ शिकवून झाले की तिथे नक्की उतरा. काना आला की दादर, आणि घरात मामा, बाग, ससा, मासा. वेलांटीला मात्र थांबा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, त्यामुळे मुलं कि ला इ-क वाचतात. काना आणि दुसरी वेलांटी पक्की झाल्यावर ती काढा.

बैठक दहा मिनिटांची, दिवसातून एकदा, टीव्ही बंद करून. मूल कार्डं भिरकावू लागलं किंवा अंदाजाने काहीही सांगू लागलं की त्या दिवशीचं आवरा, आणि दुसऱ्या दिवशी नवीन अक्षर न घेता आदल्या दिवशीचीच तीन कार्डं पुन्हा काढा. वारंवार सर्दी होणारं मूल अचानक म आणि न मध्ये, किंवा ब आणि प मध्ये गोंधळू लागलं तर खेळ बदलण्याआधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.