पिरॅमिडचा ढाळ पहिल्या थरातच धरा

नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी पिरॅमिड करून देताना मी ढाळ नजरेनं घेतला. जन्म गवंडीकामात गेला, वाटलं जमेल. शेवटच्या थराला चारी बाजू एका टोकाला येईनात. सगळं मोडून पुन्हा केलं. म्हणून सांगतो, माप धरूनच करा.

माती पांढरीची घ्या. पडक्या माळवदाची मिळाली तर उत्तम. काळी नको, वाळली की भेगाळते. भुसा घालून तुडवा, रात्रभर मुरू द्या.

पाया ४४ सेंटिमीटर चौरस. गुण्या लावला तरी दोन्ही कर्ण सुतळीनं मोजा. ते सारखे भरले तरच कोपरे खरे. ७ सेंटिमीटर जाडीचा थर द्या. त्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी साडेपाच सेंटिमीटर आत रेघ मारा आणि खालच्या कडेपासून रेघेपर्यंत ओल्या तारेनं तिरपं कापा. माथा ३३ चा होतो, दुसरा थर त्यावर. मग २२, मग ११, चौथ्या थराला टोक. उंची भरते २८.

हे माप माझं नाही, इजिप्तचा राजा खुफू, त्याचा गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या गवंड्यांचं आहे. त्यांचा हात २८ बोटांचा. एक हात वर चढलं की २२ बोटं आत यायचं. गिझाला पाया सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ च्या वर, तरी ढाळ तोच. साडेचार हजार वर्षांपूर्वी, ओळंबा आणि दोरीवर! खुफूच्या बापाचा, स्नेफेरूचा, दहशूरचा पिरॅमिड मात्र खाली ५४ अंशांनी चढतो आणि मध्येच ४३ वर येतो. लांबूनही तो वाकलेला दिसतो. माझा पहिला असाच झाला होता.

दगड कसे ओढले, हेही लेकरांना करून दाखवा. पाटावर वीट ठेवून कोरड्या वाळूतून ओढा, पुढं वाळूचा ढीग साचतो. आता वाळू नुसती ओलसर करा, पाट सरकतो. पाणी जास्त झालं की पुन्हा रुततो. इजिप्तमधला एक जुना सुभेदार जेहुतीहोतेप, त्याच्या थडग्यातल्या चित्रात घसरगाड्यावरच्या पुतळ्यापुढं एक माणूस पाणीच ओततोय.

आणि हे सगळं राजाच्या कबरीसाठी, मेल्यावरही त्याचं राज्य चालावं म्हणून. पण ज्यांनी बांधलं त्यांच्याही कबरी तिथंच जवळ सापडल्या, सोबत भाकरी भाजायच्या भट्ट्याही. नातीच्या पिरॅमिडशेजारी आम्ही मातीच्या चार छोट्या कबरी केल्या.

सावलीत वाळवा, वर ओलं पोतं टाकून.