ग्राहक कुठे अडतो? छोट्या उद्योगांच्या आणि संस्थांच्या मार्केटिंगविषयी नवोदितांसाठी काही अनुभव

छोटे उद्योजक आणि छोट्या सेवाभावी संस्था यांच्यासाठी मार्केटिंगचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. या क्षेत्रात नव्याने येणारे तरुण आणि नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केलेले उद्योजक पहिल्या भेटीत बहुधा एकच मागणी करतात : कमी पैशांत लोकांचे लक्ष वेधून घेईल अशी एखादी अभिनव कल्पना सुचवा. मागणी स्वाभाविक आहे, परंतु तिचे उत्तर बैठकीत डोके लढवून सहसा सापडत नाही. ज्या कल्पनांनी खरोखर विक्री वाढली किंवा नवे देणगीदार जोडले गेले, त्या माझ्या अनुभवात जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी सापडल्या : ग्राहक आपल्यापर्यंत येता येता जिथे अडतो, तिथे.

याची जुनी आणि ठळक उदाहरणे आहेत. अमेरिकेत अर्ल टपर यांनी 1946 मध्ये घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. वस्तू उत्तम होती, तरीही दुकानांत तिला फारसा उठाव नव्हता, कारण झाकण दाबून आतली हवा काढली की ते पक्के बसते, ही गोष्ट डबा नुसता पाहून कोणाच्या लक्षात येत नव्हती. ब्राउनी वाइज यांच्यासारख्या विक्रेत्यांनी घरी जमलेल्या बायकांसमोर प्रात्यक्षिक दाखवून हेच डबे मोठ्या संख्येने विकले, आणि तो खप पाहून 1951 मध्ये कंपनीने दुकानांतली विक्री थांबवून घरगुती मेळाव्यांचाच मार्ग धरला. ग्राहकाला वस्तू नको होती असे नव्हे. ती वापरायची कशी हे त्याला कोणी दाखवले नव्हते.

मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीपुढचा अडथळा वेगळा होता. 1900 मध्ये फ्रान्समध्ये तीन हजारांहूनही कमी मोटारी होत्या, आणि असलेल्या मोटारी जितक्या फिरतील तितकेच टायर झिजणार होते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसापुढे मात्र इंधन कुठे मिळेल, गाडी बिघडली तर दुरुस्त कोण करील, रात्री मुक्काम कुठे करायचा, असे प्रश्न उभे असत. कंपनीने त्यांची उत्तरे देणारी मार्गदर्शिका तयार केली आणि तिच्या सुमारे 35,000 प्रती मोफत वाटल्या. अगदी अलीकडचे उदाहरण प्रवाशांना लोकांची घरे मुक्कामासाठी मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाचे आहे. 2009 मध्ये न्यूयॉर्कमधील नोंदणी वाढत नव्हती, तेव्हा संस्थापकांनी स्वतःच्या संकेतस्थळावरची घरे ग्राहकाच्या नजरेने पाहिली आणि छायाचित्रे इतकी वाईट आहेत की तिथे राहायला जाण्याचा धीर कोणाला होणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ते कॅमेरा घेऊन स्वतः घरोघरी गेले, नवी छायाचित्रे काढली, आणि त्या शहरातले साप्ताहिक उत्पन्न लवकरच दुप्पट झाले. मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला एकेका ग्राहकाच्या दारी जाणे परवडत नाही. छोट्या उद्योजकाला ते परवडते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे.

अडथळा शोधायचा कसा, यावर मी जरा विस्ताराने लिहिते, कारण नवोदित नेमके हेच काम टाळतात. तीन प्रकारच्या लोकांशी बोलावे : ज्यांनी नुकतीच खरेदी केली आहे ते, ज्यांनी चौकशी केली पण खरेदी केली नाही ते, आणि जे पूर्वी ग्राहक होते पण आता येत नाहीत ते. यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला फोन करणे अवघड वाटते, तरी सर्वाधिक उपयोगी माहिती तिथेच मिळते. बोलताना मत विचारू नये, घडलेली हकीकत विचारावी. ‘अशी सेवा असेल तर तुम्ही घ्याल का?’ या प्रश्नाला माणूस भिडेखातर होकार देतो आणि त्या होकारावर विसंबून कितीतरी व्यवसाय उभे राहतात व बसतात. त्याऐवजी असे विचारावे : मागच्या वेळी ही गरज पडली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय केले, कोणाला विचारले, किती दिवस विचार करत होता, कोणती गोष्ट खटकत होती, आणि शेवटी कशामुळे ठरवले? उत्तरे आपल्या भाषेत सारांशरूपाने न लिहिता समोरच्याच्या शब्दांत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. एकाच प्रकारच्या दहाबारा ग्राहकांशी मनापासून बोलले की तेच तेच मुद्दे पुन्हा ऐकू येऊ लागतात, आणि तेव्हा पुढे जायला हरकत नसते.

या नोंदी वाचताना ग्राहक कोणत्या पायरीवर अडला आहे हे ठरवावे. आपण अस्तित्वात आहोत हेच त्याला ठाऊक नसते. किंवा ठाऊक असते, पण आपण नेमके काय देतो ते कळलेले नसते. कळलेले असते, पण विश्वास बसलेला नसतो. विश्वास असतो, पण पहिले पाऊल फार मोठे वाटते. किंवा एकदा घेऊन झाल्यावर आपला विसर पडलेला असतो. जाहिरात यांतल्या पहिल्या अडचणीवर उत्तम चालते आणि उरलेल्या चारांवर तिचा उपयोग बेताचाच असतो. समजत नसेल तर प्रात्यक्षिक हवे. विश्वास नसेल तर जुन्या ग्राहकाचा नावानिशी आणि त्याच्या संमतीने दिलेला अभिप्राय हवा किंवा पैसे परत करण्याची स्पष्ट हमी हवी. पाऊल मोठे वाटत असेल तर वर्षभराच्या कराराऐवजी महिनाभराची छोटी सेवा पुढे करावी. विसर पडत असेल तर ठरावीक काळाने आठवण करून देणारा एक साधा संदेश पुरतो. विक्री होत नाही असे दिसताच जाहिरातीचा खर्च वाढवणारे उद्योजक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा ग्राहक तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर अडलेला असतो.

उतरवून घेतलेल्या शब्दांचा दुसरा उपयोग मजकुरासाठी होतो. हिशेब ठेवून देणारी एखादी छोटी सेवा आपल्या पत्रकावर ‘सर्वसमावेशक आर्थिक व्यवस्थापन’ असे लिहिते, तर तिचे ग्राहक सांगत असतात की करभरणीची तारीख जवळ आली की आम्हाला झोप लागत नाही. पत्रकाची पहिली ओळ ग्राहकाच्या या वाक्यातून यायला हवी, कारण ती वाचणाऱ्याला हे आपल्याविषयीच लिहिले आहे असे वाटते. बोधचिन्ह, रंगसंगती आणि घोषवाक्य यांवर सुरुवातीला महिने घालवू नयेत. नीटनेटके आणि सगळीकडे सारखे असले की तेवढे पुरे.

माध्यमांच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे. एक माध्यम निवडावे आणि निदान सहा महिने ते नेटाने चालवावे. कोणते, याचे उत्तरही ग्राहकांशी झालेल्या बोलण्यात असते, कारण शोध घेताना ते आधी कुठे गेले हे त्यांनी सांगितलेले असते. त्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून संमती देणाऱ्या लोकांचे ईमेल किंवा फोन क्रमांक यांची स्वतःची यादी बांधावी. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या अनुयायांपर्यंत आपण त्या कंपनीच्या नियमांनुसारच पोचतो आणि ते नियम आपल्याला न विचारता बदलतात. यादी मात्र आपली असते. ईमेल किती जणांनी उघडले हा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची जी सोय दिली, तिच्यामुळे वापरणाऱ्याने न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाऊ शकते. किती जणांनी दुव्यावर क्लिक केले आणि किती जणांनी उत्तर पाठवले, हे अधिक भरवशाचे आहे.

तोंडी प्रसिद्धी आपोआप होते असा एक समज आहे. ती घडवून आणता येते. 1996 मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलने प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत ईमेल खाते उघडण्याचे आमंत्रण जोडले, त्यामुळे सेवा वापरणारा प्रत्येक जण नकळत तिचा प्रसारक झाला. इंटरनेटवर फाइली साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने मित्राला आणणाऱ्याला आणि येणाऱ्या मित्राला, अशी दोघांनाही जादा मोफत जागा दिली. सप्टेंबर 2008 मधल्या सुमारे एक लाख वापरकर्त्यांची संख्या 2010 च्या आरंभी 40 लाखांवर पोचली, आणि त्या वाढीत या योजनेचा मोठा वाटा होता. दोन्ही ठिकाणी शिफारस ही सेवेच्या वापरातच गुंफलेली होती, आणि ड्रॉपबॉक्सचे बक्षीसही सेवेचाच एक भाग होते. छोट्या उद्योगात हे करताना वेळ महत्त्वाची असते. ग्राहकाने समाधान व्यक्त केले त्याच दिवशी ‘अशीच अडचण असलेले तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?’ असे विचारावे, आणि त्याला पुढे पाठवता येईल असा दोन ओळींचा मजकूर तयार ठेवावा. महिनाभराने विचारले तर तोच ग्राहक विचार करून सांगतो म्हणतो आणि विषय तिथेच राहतो.

सेवाभावी संस्थांची अडचण बहुतेक वेळा विश्वासाच्या पायरीवर असते : आपला पैसा पोचतो का, हा देणगीदाराचा न बोललेला प्रश्न असतो. 2006 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘चॅरिटी: वॉटर’ या संस्थेने कार्यालयीन खर्चासाठी वेगळे देणगीदार जमवले आणि सर्वसामान्यांची संपूर्ण देणगी पाणी प्रकल्पांवरच खर्च करण्याचे वचन दिले, पूर्ण झालेल्या प्रकल्पांची छायाचित्रे आणि नकाशावरची ठिकाणेही ती देणगीदारांना दाखवते. प्रत्येक छोट्या संस्थेला खर्चाची अशी विभागणी जमणार नाही, परंतु देणगीतून काय झाले हे छायाचित्रासह आणि ठरलेल्या मुदतीत कळवणे कोणालाही शक्य आहे, आणि पुढची देणगी बहुधा त्या पत्रातूनच येते. पात्र संस्थांना गूगल शोधजाहिरातींसाठी दरमहा 10,000 डॉलरपर्यंतचे मूल्य मोफत देते, हे अनेक संस्थांना माहीत नसते. मात्र तिथे नेमाने लक्ष घालणारा कार्यकर्ता हवा.

मोजमाप साधे ठेवावे. नव्या ग्राहकाला ‘तुम्हाला आमच्याविषयी कसे कळले?’ हा प्रश्न दरवेळी विचारून वहीत नोंदवावा. एखाद्या माध्यमावर झालेल्या खर्चाला, स्वतःच्या वेळेचे मूल्य त्यात धरून, त्यातून आलेल्या ग्राहकांच्या संख्येने भागावे आणि एका ग्राहकामागे हाती उरणाऱ्या रकमेशी ताडून पाहावे. दोन मजकुरांची तुलना करताना घाई नको : दोन्ही मजकूर प्रत्येकी चाळीस जणांना पाठवले आणि एका मजकुराला तीन व दुसऱ्याला पाच प्रतिसाद आले, तर हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

काम वाढले की मार्केटिंग बाहेरच्या एजन्सीकडे सोपवण्याची वेळ येते, आणि तेव्हा एक काळजी जरूर घ्यावी. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संकेतस्थळ, जाहिरातींचे खाते, फेसबुक पेज आणि ग्राहकांची यादी ही सगळी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर नोंदवावी आणि एजन्सीला त्यात काम करण्यापुरताच प्रवेश द्यावा. करार संपल्यावर आपल्याच पेजचा पासवर्ड मिळवण्यासाठी विनवण्या करणारे उद्योजक मी पाहिले आहेत, म्हणून ही अट पहिल्या देयकाच्या आधीच करारात लेखी घालून घ्यावी. ग्राहकांशी थेट बोलण्याचे काम मात्र एजन्सी नेमल्यावरही स्वतःकडेच ठेवावे.