मैत्री की प्रेम? भीतीपोटी ठरवण्याआधी

हायर सेकंडरीत कुणीतरी आवडू लागतं आणि मन लगेच मागे सरतं: नको, मैत्रीच बरी, उद्या तुटलं तर? मैत्री निवडण्यात काहीच वावगं नाही. फक्त ती का निवडली, हे स्वतःपासून लपवू नये.

सलग तीन रात्री वहीत एक वाक्य पूर्ण कर: ‘मला प्रेमात पडायचं नाही, कारण...’ मोबाइलवर नको, स्क्रीनशॉट फिरतात. उत्तर ‘बारावी आहे’ किंवा ‘इतक्यात नकोच वाटतं’ असं आलं, तर तो तुझा निर्णय. तिन्ही रात्री ‘सोडून गेली तर’, ‘हसला तर’ असंच आलं, तर ती भीती.

न ओळखलेली भीती भलतीकडे बाहेर पडते. गोव्यात दिवाळीआधी वाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहत असतो, सगळे सांगाड्यावर कागद चिकटवत असतात. एखाद्याला आवडणारी मैत्रीण खळीचं भांडं दुसऱ्याच्या हातात देते आणि त्याचं तोंड उतरतं. ‘कितें जालें?’ विचारलं तर ‘कांय ना’. आठवडाभर अबोला. तिला बिचारीला कारणच ठाऊक नाही! मैत्री अशीही मोडते, नकाराशिवायच.

भीती कमी करायची तर विश्वास थोडा थोडा टाकून बघ. आधी एक लहान गोष्ट सांग, समजा युनिट टेस्टमधले कमी मार्क. आठवडाभर थांब. ती वर्गात फिरली नाही, तिची चेष्टा झाली नाही, तर पुढची, जरा नाजूक गोष्ट. पहिलीच फुटली तर तिथेच थांब. नुकसान फक्त मार्कांपुरतं.

मनातलं बोलायचंच असेल तर समोरासमोर, दिवसाढवळ्या, दोघांतच. मित्राकरवी निरोप धाडू नकोस, लहान गावात तो संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो. वाक्य सरळ ठेव: ‘तू मला आवडतेस, पण मला भीती वाटते, म्हणून सध्या मैत्रीच हवी. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ मुलगा असेल तर ‘आवडतोस’. मग गप्प राहा. ही शांतता सहन न होऊन पुष्कळजण ‘मस्करी केली गो’ म्हणून सारं पुसून टाकतात.

मैत्रीच ठरली, तर रात्री दहानंतरचं चॅटिंग बंद आणि ‘कुणाशी बोलत होतीस?’ हा प्रश्नही बंद. तरीही जड जात असेल तर दोन-तीन आठवडे भेटी कमी कर, पण तसं सांगून.

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर शाळेतल्या समुपदेशकांशी बोल किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते. फोटो दाखवून कुणी धमकावत असेल तर वाट पाहू नकोस: घरच्या मोठ्यांना सांग आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लाव.