स्मोक डिटेक्टरची वायर तुटली तर पॅनेलला कळायला हवं

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वायरीच्या टोकांवर हिरवा थर चढतो, जोड सुटतो आणि सिक्युरिटी पॅनेलला पत्ताच नसतो.

१. एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर (वायरीच्या शेवटी लावायचा छोटा रोधक, ज्यावरून पॅनेल वायर अखंड आहे का ते ओळखतं) शेवटच्या डिटेक्टरवर लावा. सोयीसाठी तो पॅनेलमध्येच बसवला, तर मधली वायर तुटूनही सगळं ठीकच दिसतं.
२. मधल्या डिटेक्टरवर वायर नुसती सोलून स्क्रूभोवती गुंडाळू नका. कापा, येणारं आणि जाणारं टोक वेगवेगळं आवळा. फाटे काढू नका.
३. पॅनेलच्या सेटिंगमध्ये या वायरीचा झोन (विभाग) २४ तासांचा, फायरचा ठेवा, म्हणजे सिक्युरिटी बंद असतानाही तो चालू राहतो.

आता एक टोक सोडवून बघा, पॅनेलवर 'ट्रबल' (बिघाडाची सूचना) यायलाच हवं. ही तपासणी पावसाळा संपल्यावर पुन्हा कराच.

डिटेक्टर चार वायरींचा (दोन पुरवठ्याच्या, दोन सिग्नलच्या) असेल तर शेवटी पॉवर-सुपरव्हिजन रिले (पुरवठ्यावर लक्ष ठेवणारा स्विच) हवाच; नाहीतर डिटेक्टरचा पुरवठा गेलेला कळत नाही. चुलीच्या खोलीत मात्र धुराऐवजी उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टरच बरा.