जुना रंगीत टीव्ही शोधावा कसा आणि पुन्हा चालू करावा कसा

भारतात रंगीत प्रक्षेपणाला १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरुवात झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांमुळे रंगीत संचाची ओढ घरोघर पोचली. पुढे छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरील चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, त्यामुळे देशभर गेलेल्या असंख्य संचांचे जन्मगाव आपल्याच भागात आहे, आणि मराठवाड्यातल्या घरांमध्ये असे संच आजही माळ्यावर, धान्याच्या कोठीत किंवा जुन्या वाड्याच्या बंद खोलीत पडून आहेत. या लेखात १९८२ ते १९९० या काळातल्या संचांचा विचार केला आहे, म्हणजे ५१ सेंटिमीटरची किंचित फुगीर पिक्चर ट्यूब, आठ किंवा बारा वाहिन्यांची बटणे, त्यांच्यामागे लपलेली ट्यूनिंगची बारीक चाके, आणि बहुधा रिमोटशिवायचा कारभार.

शोधाची सुरुवात भंगाराच्या दुकानापासून करू नये, कारण तेथे पोचेपर्यंत बहुतेक संच निकामी झालेले असतात. भंगारवाल्याच्या लेखी संचाची किंमत त्यातल्या तांब्याची असते. हे तांबे ट्यूबच्या मानेवरील योकमध्ये, म्हणजे चित्राचा किरण वळवणाऱ्या कॉइलमध्ये, आणि पडद्यावरचे चुंबकत्व घालवण्यासाठी त्याच्याभोवती फिरवलेल्या डिगॉसिंग कॉइलमध्ये असते, आणि योक चटकन निघावा म्हणून तो ट्यूबची मान सरळ फोडतो. तेव्हा संच घराबाहेर पडण्यापूर्वी गाठणे हाच खरा उपाय आहे. घर बदलणारी किंवा वाडा पाडून बांधकाम काढणारी कुटुंबे, बंद पडलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांचे पोटमाळे, आणि ज्यांच्या डेडस्टॉक नोंदवहीत टीव्ही अजून जिवंत आहे अशा शाळा व ग्रामपंचायती या तीन ठिकाणी चौकशी करावी. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा संच मात्र रीतसर निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणे) आणि लिलाव झाल्याखेरीज घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटजवळच्या रविवारच्या बाजारात अधूनमधून एखादा संच दिसतो. तेथे सकाळी लवकर जावे. गावच्या जुन्या मेकॅनिककडे केवळ निरोप ठेवला तरी पुष्कळदा काम होते, कारण कोणाच्या घरी कोणता संच होता हे त्याला मालकापेक्षा चांगले आठवते.

मराठवाड्याच्या हवेचा या बाबतीत एक फायदा आणि एक तोटा आहे. कोकणातल्या संचात चॅसी (आतला सांगाडा) गंजलेली आणि ट्रान्सफॉर्मर दमट झालेले आढळतात, तसे येथे क्वचितच होते. पण पत्र्याखाली किंवा माळवदाखालच्या कोंदट खोलीत चाळीस अंशांचे उन्हाळे काढलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात, शिवाय उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात आणि पार्टिकल बोर्डाच्या खोक्याला वाळवी लागलेली असते. कंडेन्सर आणि तारा बदलता येतात, म्हणून मी कोरड्या भागातला संच केव्हाही पसंत करीन.

संच पाहताना खोक्याच्या देखणेपणावर जाऊ नये. पाहायची ती पिक्चर ट्यूब. चितेगावच्याच कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता, पण सपाट पडद्यांपुढे तो धंदाच उरला नाही आणि आज नवी ट्यूब दुकानात मिळत नाही. बाकी प्रत्येक भागाला काही ना काही पर्याय सापडतो. पुढे सांगितलेली सुरक्षिततेची काळजी घेऊन मागचे झाकण काढावे, मोबाइलच्या उजेडात मान नीट पाहावी, बेसच्या प्लॅस्टिकमध्ये लपलेले काचेचे निमुळते टोक शाबूत आहे का ते तपासावे, कारण ते टोक तुटले की आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची जाते. त्यानंतर मानेच्या टोकावरची छोटी सर्किटची पट्टी (बेसची पट्टी) हळूच सरळ ओढून काढून हीटरच्या, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या, दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे. पडद्यावरचे खोल ओरखडे जात नाहीत, धूळ आणि कळकट थर मात्र सहज जातो. संच नेमका केव्हाचा आहे हे विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. आतल्या आयसींवर आणि काही मोठ्या कंडेन्सरांवर चार अंकी संकेत छापलेला असतो, त्यात ८६४२ असे असेल तर तो भाग १९८६ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यातला आहे आणि संच त्याच सुमाराचा किंवा थोडा नंतरचा आहे.

घरी आणताना संच पाठीवर झोपवू नये. गाडीच्या मागच्या बाकावर, पडदा बाकाच्या पाठीला टेकवून आणि मध्ये गोधडी घालून तो आणावा.

आणल्या आणल्या प्लग लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचाला थेट २३० व्होल्ट दिले की सुकलेले कंडेन्सर फुटतात आणि त्यांच्यासोबत चांगले भागही जळतात.

उघडण्यापूर्वी सुरक्षिततेचा भाग नीट समजून घेणे आवश्यक आहे. ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे जाड रबरी टोपीखाली, चालू संचात वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो काचेत साठून राहतो. संचाचा प्लग काढावा, लांब मुठीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला क्लिपने तार जोडून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवर ताणलेल्या विणलेल्या उघड्या तारेला लावावे, एक हात खिशात ठेवावा आणि मगच स्क्रूड्रायव्हरचे टोक टोपीखाली सरकवावे. काही मिनिटांनी हीच कृती पुन्हा करावी, कारण काचेतला भार थोडा परत वर येतो. मुख्य फिल्टर कंडेन्सरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट डीसी साठलेले असतात, तेही रेझिस्टन्समधून उतरवावेत. शिवाय या काळातल्या अनेक संचांची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे दुरुस्ती करताना १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये असलाच पाहिजे. तो बाजारात सहज मिळत नाही, परंतु विहिरीवरच्या मोटारी भरणारा वाइंडिंगवाला आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला असतो आणि २५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्याच्याकडून भरून घेता येतो. या परिच्छेदातले काहीही अवघड वाटले, तर आतले काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे आणि आपण स्वच्छता व खोके एवढेच हाती घ्यावे.

आतली धूळ मऊ रंगाच्या ब्रशने सैल करून ब्लोअरने उडवावी, आणि हे काम अंगणात करावे. उच्च दाबाच्या तारेवर आणि टोपीभोवती साचलेली काळी राप स्पिरिटच्या कपड्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी, कारण तेथूनच ठिणग्या जातात. नंतर बोर्ड उलटा करून भिंगाखाली सोल्डर पाहावे. ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपले मेकॅनिक ईएचटी म्हणतात, त्याच्या पायांभोवती, गरम होणाऱ्या मोठ्या रेझिस्टन्सपाशी आणि जोडपट्ट्यांच्या पिनांपाशी गोल चिरा दिसतात. हेच ड्राय सोल्डर. अर्धे बंद पडलेले संच एवढ्याने उठतात असे जुने लोक म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. जुने सोल्डर पंपाने ओढून, राळ लावून नवे भरावे.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सरसकट बदलावेत की फक्त बिघडलेले, यावर कारागिरांत मतभेद आहेत. माझ्या मते पॉवर सप्लाय आणि व्हर्टिकल (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या) विभागातले सर्व बदलावेत, बाकीचे मोजून ठरवावेत. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा अधिक, आणि तापमान १०५ अंशांचे घ्यावे. एका कंडेन्सरशी मात्र खेळू नये: लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरलगतचा १६०० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन कंडेन्सर. त्याची क्षमता कमी झाली किंवा तो तुटला तर ट्यूबवरचा दाब धोकादायक रीतीने वाढतो, म्हणून त्याच मूल्याचा आणि त्याच जातीचाच बसवावा.

पहिल्यांदा वीज देताना शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. एलईडीचा चालत नाही. डिगॉसिंग कॉइलचा प्लग आधी काढून ठेवावा, नाहीतर तिच्याच प्रवाहामुळे बल्ब लख्ख पेटतो आणि दोष नसताना दोष दिसतो. काही जण डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवतात, ते ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या रेडिओला ठीक आहे, पण टीव्हीतला स्विचिंग सप्लाय (वीज झपाट्याने चालू-बंद करून दाब राखणारा पुरवठा) कमी दाबावर जास्त प्रवाह ओढतो आणि त्याचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. त्याहून सुरक्षित रीत अशी की लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर, बहुधा बीयू २०८ किंवा त्याचा भाऊबंद, काढून ठेवावा, त्याच्या पुरवठ्यावर साठ वॅटचा बल्ब भार म्हणून लावावा आणि तेथले व्होल्टेज मोजावे. बहुतेक ५१ सेंटिमीटर संचांत ते ११० ते ११५ व्होल्टच्या आसपास असते. नेमका आकडा सर्किट डायग्रॅमवर पाहावा, जो पुष्कळदा मागच्या झाकणाच्या आतच चिकटवलेला असतो. हा आकडा स्थिर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ट्रान्झिस्टर परत बसवल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज आणि पडद्यावर केसांना ओढणारी स्थिर वीज जाणवली की लाइन विभाग चालू झाला. येथून पुढे दोष स्वतःच बोलू लागतो. पडद्याच्या मध्यावर एकच आडवी रेघ असेल तर ताबडतोब ब्राइटनेस कमी करावा आणि व्हर्टिकलचा आयसी व त्याचे कंडेन्सर पाहावेत. चित्र आहे पण रंग नाही, तर आधी फाइन ट्यूनिंग फिरवून पाहावे, मग ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. रंगीत भागांवर खिडकीच्या झडपांसारखे आडवे पट्टे दिसत असतील तर ६४ मायक्रोसेकंदांच्या काचेच्या डिले लाइनची जुळणी बिघडली आहे; ही लाइन मागच्या ओळीचा रंग पुढच्या ओळीपर्यंत अडवून ठेवते आणि दोन्हींची सरासरी काढल्याने पाल या आपल्याकडच्या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीत रंगाच्या चुका झाकल्या जातात. एखादाच रंग गायब असेल तर ट्यूबला दोष देण्यापूर्वी बेसच्या पट्टीवरचे ट्रान्झिस्टर आणि सोल्डर तपासावे. वाहिनी सारखी सरकत असेल तर ट्यूनरला मिळणारे ३३ व्होल्ट डळमळीत झाले आहेत किंवा ट्यूनिंगची चाके मळली आहेत. त्या काळातल्या अनेक संचांत तोशिबाचे टीए ७६८० आणि टीए ७६९८ हे आयसी आढळतात आणि ते जुन्या दुकानांत अजून मिळून जातात. आपल्या शहरात न मिळाल्यास देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोड धुंडाळावा. नांदेड-लातूरकरांना हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली अधिक सोयीची पडते.

चित्र सुरुवातीला अंधुक, पंधरा मिनिटांनी बरे आणि उजळ भागात चांदीसारखे चकचकीत दिसत असेल तर ट्यूब म्हातारी झाली आहे. हीटरला थोडा वेळ जास्त दाब देऊन ट्यूब बूस्ट करण्याची पद्धत मेकॅनिकांना ठाऊक असते, पण तो अखेरचा उपाय आहे आणि कधी कधी त्यातच ट्यूब जाते. मंद चित्रावर समाधान मानणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता प्रश्न उरतो दाखवायचे काय याचा. म्हैसमाळ आणि अंबाजोगाईच्या मनोऱ्यांकडे अँटेना फिरवून चित्र मिळवण्याचे दिवस संपले, आणि या वयाच्या अनेक संचांना एव्हीचे (चित्र आणि आवाज थेट जोडण्याचे) छिद्रच नसते. म्हणून सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडीचे एव्ही सिग्नल टीव्हीच्या वाहिनीत बसवणारा मॉड्युलेटर लागतो. तो पाल बी किंवा जी पद्धतीचा आणि ५.५ मेगाहर्ट्झ ध्वनीचा असावा. संच फक्त व्हीएचएफ पकडणारा असेल तर मॉड्युलेटरही व्हीएचएफचाच हवा, आणि येथे गावचा केबलवाला उपयोगी पडतो, कारण केबल डिजिटल झाल्यापासून त्याचे एकेका वाहिनीचे जुने मॉड्युलेटर धूळ खात पडलेले असतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण ४:३ करावे, अन्यथा माणसे उभट दिसतात.

रंगांची अंतिम जुळणी संच अर्धा तास तापल्यावर आणि डिगॉसिंग कॉइल पुन्हा जोडल्यावर करावी. आधी रंग पूर्ण बंद करून करडे चित्र खरोखर करडे दिसेपर्यंत तिन्ही रंगांचे प्रिसेट (आतले जुळणीचे बारीक स्क्रू) थोडे थोडे फिरवावेत आणि नंतरच रंग वाढवावा. मानेवरच्या चुंबकी कड्यांना, विशेषतः कारखान्यात रंगाचा ठिपका लावून त्या पक्क्या केल्या असतील तर, हात लावू नये.

प्लॅस्टिकचे भाग सुटे करून कोमट साबणाच्या पाण्याने धुवावेत, लाकडी खोक्याला वाळवीचे औषध देऊन स्पिरिट पॉलिश करावे, आणि छापील अक्षरांवर कोणतेही थिनर वापरू नये. चालू झालेला संच स्टॅबिलायझरशिवाय लावू नये, कारण शेतीपंप सुरू-बंद होतात तसा आपल्याकडचा दाब वरखाली होतो. पंधरवड्यातून एकदा तासभर तो चालवावा म्हणजे कंडेन्सर टिकतात. आणि उन्हाळ्यात तो कूलरच्या झोतात ठेवू नये: ओल्या हवेबरोबर येणारे क्षार थेट ईएचटीवर बसतात.