टिश्यूमधला रेग्युलेटर जीन शोधताना माझं दीड वर्ष कुठे गेलं

सांगली-मिरजेतून बीएस्सी करून जीनोमिक्सकडे वळणारी पोरं विचारतात, दादा, नवीन रेग्युलेटर जीन शोधायचाय, सुरुवात कुठून करू? रेग्युलेटर म्हणजे बाकीच्या जीनना कमी-जास्त चालवणारा जीन. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि आरएनए-सिक, म्हणजे आरएनए मोजून कुठला जीन किती चालू आहे ते बघायची पद्धत, येतंय असं धरतो.

डेटाची काळजी सोडा. जीटेक्स या माणसाच्या टिश्यूंच्या डेटाबेसच्या ८ व्या व्हर्जनमधे ५४ ठिकाणच्या टिश्यूंचे १७,३८२ नमुने आहेत, एक्स्प्रेशनचे, म्हणजे जीन किती चालू आहे त्याचे, आकडे फुकट मिळतात, मी सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर ८ जीबीच्या लॅपटॉपवर एकेक टिश्यू घेऊन काम केलंय. माणसाचे १६०० च्या वर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएला चिकटून दुसरे जीन चालू-बंद करणारी प्रथिनं, आहेत आणि त्यातले कितीतरी कुठल्या टिश्यूत काय करतात हे नीट कुणी बघितलेलंच नाही, त्यामुळे काम भरपूर शिल्लक आहे.

आता मी कुठे अडकलो ते. चरबीच्या टिश्यूत मला झिंक फिंगर या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या गटातला एक जीन सापडला, तो वाढला की शंभरेक जीन सोबत वाढायचे, कोरिलेशन इतकं भारी की दीड वर्ष त्याच्यामागे घालवलं, पोस्टर पण केलं. त्या शंभरात सीडी६८ आणि सीडी१४ होते. हे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींचे मार्कर, म्हणजे ओळखखुणा! म्हणजे ज्याच्या तुकड्यात मॅक्रोफेज जास्त त्याच्यात हे सगळे जीन जास्त, कोण कुणाला चालवत नव्हतं. आपल्या भडंगाचं बघा, ज्या पुड्यात शेंगदाणे जास्त पडले त्यात शेंगदाण्याची सालं पण जास्त निघणार, म्हणून सालं शेंगदाणे तयार करतात असं कुणी म्हणेल का? टिश्यूचा तुकडा म्हणजे असंच मिश्रण, आणि प्रमाण दर माणसात वेगळं. म्हणून सांगतो, कोरिलेशन काढायच्या आधी पेशींच्या प्रमाणाचा अंदाज काढा, तो मॉडेलमधे घाला, मग काय उरतं बघा. आणि जीन मुळात कुठल्या पेशीत चालू असतो ते टॅब्युला सेपियन्समधे बघा, २०२२ साली आलेला २४ अवयवांतल्या जवळपास ५ लाख पेशींचा नकाशा आहे तो. एका दुपारचं काम.

तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे घालू नका, तिथे नुसती पाइपलाइन, म्हणजे तयार प्रोग्रॅमची साखळी, चालवायला शिकवतात. गाइड मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, तुमची जीनची यादी ओळ न् ओळ वाचणारा हवा. माझी चूक एका पीएचडी करणाऱ्या ताईने वीस मिनिटात पकडली.

घाबरू मात्र नका, असे जीन खरंच असतात. १९८७ साली मायोडी हा एकटा जीन घातल्यावर उंदराच्या फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे जोडणाऱ्या टिश्यूतल्या पेशींच्या, स्नायूपेशी झाल्या. पण तिथे जीन पेशीत घालून बघितला होता, म्हणून नॉकडाऊन (जीनचं काम दाबणं) किंवा क्रिस्पर (जीन कापून बंद पाडणं) केल्याशिवाय रेग्युलेटर हा शब्द लिहूच नका. पेशींचं प्रमाण मॉडेलमधे घातल्यावर माझ्या यादीतली बहुतेक नावं गेली, चार उरली, त्यातल्या एकावर आता नॉकडाऊन चालू आहे, पेशी सावकाश वाढतात, रविवारी पण मीडिया, म्हणजे पेशी वाढतात ते पोषक द्रावण, बदलायला लॅबमधे जातो.