गालिचा धुताना या चुका टाळा

गणपती आणि दिवाळीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते आणि त्यानंतर आमच्याकडे दुरुस्तीला गालिचे येऊ लागतात. त्यातले बरेचसे वापरून झिजलेले नसतात, धुऊन बिघडवलेले असतात. चांगल्या वस्तूची अशी वाट लागलेली बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लोकरी गालिचा सतरंजीसारखा धुणं. सतरंजी सुती असते, ती बुडवा, आपटा, चालतं. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडच्या हातगाठीच्या गालिच्यात ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, सुती आणि गाठी लोकरीच्या. धुण्याची पावडर क्षारयुक्त असते आणि क्षाराने लोकर खरखरीत होते. एका काकूंनी असाच एक सुंदर गालिचा, लाल काठाचा आणि मधे बदामी, गणपतीच्या आधी गच्चीवर पसरला. गरम पाणी, पावडर, वर प्लास्टिकचा ब्रश. लाल रंग बदामीत उतरला. मग निथळायला कठड्यावर टाकला, तर ओल्या वजनाने तो मधोमध ताणला गेला. वरून हाताला कोरडा लागला म्हणून लगेच दिवाणखान्यात अंथरला. आतला सुती ताणा मात्र ओलाच होता, त्यात पावसाळी हवा. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा कुबट वास येत होता आणि दुमडताना मागून कर्र आवाज येत होता. कुजलेला ताणा तुटत होता. उतरलेला रंग थोडाफार काढता आला, पण ताण्याचं काहीच करता आलं नाही.

पाणी लावण्याआधी मी दोन गोष्टी करतोच. पांढरं सुती फडकं गार पाण्यात भिजवून गडद रंगावर थोडा वेळ दाबून ठेवायचं. फडक्याला रंग लागला तर घरी धुवायचा विचार सोडा. दुसरं, गालिचा उलटून बघायचा. मागेही तीच नक्षी गाठींत दिसली तर तो हातगाठीचा. मागे जाड कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्याचे धागे लॅटेक्सने, म्हणजे रबरी चिकाने, धरलेले असतात आणि भिजवला की ते कापड सुटायला लागतं. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकला जाणारा गालिचा बहुतेक वेळा व्हिस्कोसचा, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असतो. त्याला पाणीच नको, पिवळा पडतो आणि कडक होतो.

दुसरी चूक डाग रगडण्याची. चहा सांडला की लोक घाबरून ब्रश घेतात. रगडल्याने डाग खोल जातो आणि लोकर पिंजते, डाग निघाला तरी तिथला खरबरीतपणा राहतो. नुसतं टिपा. फडकं दाबा, उचला, कोरडी बाजू घ्या, परत दाबा, आणि बाहेरून मध्याकडे या. मग थोडं गार पाणी, परत टिपणं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही. हळदीच्या डागाला साबण तर लावूच नका, क्षाराने हळद लाल होते. तो भाग थोडे दिवस कोवळ्या उन्हात ठेवला की हळद बरीच उडते.

खायचा सोडा शिंपडायचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना माझं एकच सांगणं: ती भुकटी मुळाशी बसते आणि पूर्ण निघत नाही.

व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा, आणि दशांवर तर व्हॅक्यूम फिरवूच नका. गालिचा अधूनमधून पालथा घालून पाठीवरून झाडा. मुळाशी बसलेली बारीक वाळूच लोकर कापत असते. सहा महिन्यांनी फिरवून टाका, म्हणजे एकच बाजू झिजत नाही.

कसर लागते ती सोफ्याखाली, जिथे केरसुणी जात नाही तिथेच. पावसाळ्यात गालिचा ठेवायचा असेल तर आधी पूर्ण झाडून कोरडा करा, घडी न घालता गुंडाळा आणि जुन्या सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते. डांबरगोळ्या ठेवल्या तरी महिन्यातून एकदा उलगडून बघा.